वाचनालयाच्या साइटसाठी शेअर बटणं आणि चर्चेचं प्लगइन कोणतं घ्यावं?

तुम्ही विचारलंय की गावच्या वाचनालयाच्या वर्डप्रेस साइटवर पूर्वी अ‍ॅडदिस या फुकट सेवेची शेअर बटणं होती, ती बंद पडली. आता शेअर, लाइक, प्रतिक्रिया आणि सभासदांची चर्चा असं सगळं एकाच फुकट प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या तयार भागात, मिळेल का. मिळेल. तरी माझं म्हणणं, घेऊ नका. शेअरची सोय साध्या लिंकांनी करा आणि प्रतिक्रिया वर्डप्रेसच्याच ठेवा. मी काही वर्षं लहान मराठी साइट सांभाळते आहे आणि याबाबत माझं मत पक्कं आहे.

अ‍ॅडदिस 2016 मध्ये ओरॅकलने विकत घेतलं आणि 31 मे 2023 ला बंद केलं. ती बटणं फुकट कशी परवडायची? त्यांची स्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत ब्राउझरमध्ये चालणारा छोटा कोड, त्यांच्याच सर्व्हरवरून यायची. वाचकाने बटण दाबलं नाही तरी पान उघडताक्षणी कोणत्या ब्राउझरवर कोणतं पान उघडलं हे तिकडे कळायचं, आणि अनेक साइटवरची अशी माहिती जोडून ती जाहिरातींसाठी वापरली जायची. 2014 मध्ये प्रिन्स्टन आणि बेल्जियममधल्या लोवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी जगातल्या आघाडीच्या 1 लाख साइट तपासल्या. ते एक युक्ती शोधत होते: ब्राउझरकडून नकळत एक चित्र काढून घ्यायचं. ते प्रत्येक यंत्रावर किंचित वेगळं उमटतं, त्यावरून यंत्र ओळखायचं. ही युक्ती त्यांना 5 टक्क्यांहून जास्त साइटवर सापडली आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी स्क्रिप्ट अ‍ॅडदिसची होती. कुकी पुसल्या तरी ही ओळख पुसली जात नाही. कोणता सभासद कोणतं पुस्तक घरी नेतो हे वाचनालय बाहेर सांगत नाही. साइटवर कोण काय वाचतो, हाही त्याच विश्वासाचा भाग आहे.

युरोपच्या न्यायालयाने तर 29 जुलै 2019 ला सांगून टाकलं की फेसबुकचं लाइक बटण साइटवर लावणारा, वाचकाची माहिती गोळा करून फेसबुककडे पाठवण्याबद्दल फेसबुकच्या बरोबरीने जबाबदार असतो. तो खटला कपडे विकणाऱ्या एका जर्मन साइटचा होता. आता फेसबुकनेच बाहेरच्या साइटवरची लाइक आणि कमेंटची प्लगइन फेब्रुवारी 2026 पासून बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांची सगळी चर्चा त्या डब्यात होती त्यांच्या पानावर काय उरणार, याचा विचार करा.

तुमच्या वाचकांचं शेअर करणं बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच होत असणार. व्हॉट्सअ‍ॅपची शेअर लिंक म्हणजे साधी लिंक, तिला कसलीच स्क्रिप्ट लागत नाही. तिच्या शेजारी दुसरं बटण फोनच्या स्वतःच्या शेअर यादीचं ठेवा. ही सोय ब्राउझरमध्येच असते, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये 2017 पासून आणि सफारीत 2019 पासून आहे. वाचकाच्या फोनवर जी अ‍ॅप आहेत तीच यादीत दिसतात, त्यामुळे उद्या नवं अ‍ॅप आलं तरी तुम्हाला काही बदलावं लागत नाही. साइट एचटीटीपीएसवर हवी, म्हणजे तिचा पत्ता https ने सुरू व्हायला हवा, एवढी अट. ज्या ब्राउझरला हे जमत नाही त्याच्यासाठी 'लिंक कॉपी करा' पुरे. कोड लिहायचा नसेल तर स्क्रिप्टलेस सोशल शेअरिंग नावाचं प्लगइन साध्या लिंकांची बटणं देतं. शेअरचे आकडे दाखवायचा हट्ट सोडा. ट्विटरने ते 2015 मध्येच बंद केले.

बटणांपेक्षा जास्त लक्ष ज्या गोष्टीकडे द्यायला हवं ती म्हणजे पाठवलेली लिंक दिसते कशी. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस आपोआप देवनागरी पत्ता बनवतं. तो कॉपी केला की एकेका चिन्हाची, म्हणजे काना-मात्रासुद्धा वेगळी धरून, टक्क्याच्या खुणांसह 9 अक्षरं होतात. नुसत्या 'वाचनालय' शब्दाची 63. ग्रुपवर असं भेंडोळं आलं की लोक व्हायरस समजून हात लावत नाहीत. शिवाय वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग 200 अक्षरांवर कापतं, म्हणजे तुमचं शीर्षक 22 चिन्हांनंतर अर्ध्यात तुटतं. म्हणून प्रत्येक लेखाचा स्लग, म्हणजे पत्त्याचा हाच भाग, रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा, प्रकाशित करण्याआधी हाताने लिहा. शीर्षक मात्र मराठीच राहू द्या, कारण लिंकखालच्या चौकटीत तेच दिसतं. त्या चौकटीत कोणतं शीर्षक आणि चित्र दाखवायचं हे सांगणारे ओपन ग्राफ टॅग योस्टसारखं प्लगइन भरतं. चित्र 1200 बाय 630 पिक्सेलचं आणि हलकं हवं. पुस्तकाचं उभं मुखपृष्ठ तसंच टाकलं तर वरचं नाव किंवा खालचा लेखक छाटला जातो.

चर्चेसाठी बडीप्रेस (सभासदांची पानं आणि गट) आणि बीबीप्रेस (चर्चेचे विभाग) ही प्लगइन आहेत, दोन्ही वर्डप्रेसच्याच परिवारातली आणि चांगली. पण लहान वाचनालयाने त्यांच्यापासून सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं. दहा विभाग आणि त्यातले नऊ रिकामे, असं दिसलं की पहिला प्रश्न टाकायला कोणी धजत नाही, आणि नोंदणी खुली ठेवली की खोटी खाती येत राहतात. लेखाखालच्या प्रतिक्रिया चालू ठेवा, पहिली प्रतिक्रिया मंजुरीनंतर दिसेल ही सोय निवडा, आणि ग्रंथपालांना सांगा की प्रत्येकाला उत्तर द्यायचं. खरी वर्दळ त्यानेच वाढते. महिन्याला एक पुस्तक ठरवून त्याच्या लेखाखाली सगळ्यांना लिहायला सांगा. पुढे हौस वाटली तर अ‍ॅक्टिव्हिटीपब प्लगइन बघा. ते लावलं की मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावरचे लोक तुमच्या साइटला थेट फॉलो करू शकतात, आणि तिथे त्यांनी दिलेली उत्तरं तुमच्या लेखाखाली प्रतिक्रिया म्हणून येतात. चर्चा तुमच्या डेटाबेसमध्ये राहते, बॅकअपमध्ये येते.

प्लगइन निवडताना ते शेवटचं कधी अपडेट झालं ते जरूर बघा. मार्च 2019 मध्ये सोशल वॉरफेअर या शेअर बटणांच्याच प्लगइनमधल्या त्रुटीचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी वाचकांना भलत्याच साइटवर वळवलं होतं.

हे सगळं सावकाश करा, पण एक काम आजच उरका. थीमच्या हेडर-फूटरमध्ये आणि विजेटमध्ये अ‍ॅडदिसची जुनी ओळ अजून असेल तर ती काढा. बटणं दिसत नसली तरी तुमचं पान त्या पत्त्यावर स्क्रिप्ट मागत असतं, आणि पत्ता उद्या कोणाच्या हातात जाईल त्यावर तुमचा ताबा नाही. पॉलिफिल डॉट आयओ नावाचा, अनेक साइटना स्क्रिप्ट पुरवणारा असाच पत्ता 2024 मध्ये नव्या मालकाकडे गेला, आणि जूनमध्ये 1 लाखाहून जास्त साइट आपल्याच वाचकांना तिथून येणारा घातक कोड पोचवत होत्या.