पळत्या कुत्र्याचा फोटो

भावा, रंकाळ्यावर संध्याकाळी काढलेले तुझे फोटो हललेत, कारण शटर मंद होतं, म्हणजे जास्त वेळ उघडं राहिलं. पळत्या कुत्र्याला शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवंच, उडी मारणाऱ्याला १/२०००. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, बिनधास्त वाढव. त्यानं फोटो दाणेदार झाला तरी चालतो, पुसट अजिबात नाही. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे तो कुत्र्यामागं सरकत राहतो; बर्स्ट चालू, म्हणजे बटण दाबून धरलं की सलग फोटो निघतात. आणि खाली बस, पार गुडघे टेकून. नेम डोळ्यावर धर. लांब तोंडाच्या कुत्र्यात फोकस नाकावर बसतो आणि डोळे धूसर येतात, मग फोटोतला जीवच जातो बघ. अंगावर येणाऱ्यापेक्षा आडवा पळणारा आधी साध, फोकसला सोपं जातं. चेंडू दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांग, म्हणजे कुत्रं कुठं वळणार ते आधीच कळतं. शक्यतो सकाळच्या कोवळ्या उन्हात जा.