दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर नक्की किती? कुठे १२,४०० किमी दिसतं, कुठे १५,३००.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला पृथ्वीच्या पाठीवरचं सर्वांत कमी अंतर सांगतो, दुसरा विमान एका ठरावीक मार्गाने गेलं तर किती कापतं ते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून तिसराच आकडा काढणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पहिला घरबसल्या निघतो. दिल्ली विमानतळ २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व, सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२९२. दोन्ही कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार उणे ०.६५६. बेरीज उणे ०.३६४, तिचा व्यस्त कोसाइन १११.३ अंश. एका अंशाला १११.२ किमी धरले की सुमारे १२,३८० किमी. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने अचूक हिशेबात वीसेक किमी इकडेतिकडे होतात, ते सोडून द्या. पश्चिम रेखांश उणे धरायला विसरलात तर उत्तर जेमतेम ४,३०० येईल. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर काहीही येईल. आणि ६,६८० असा आकडा कुठे दिसला तर ते सागरी मैल आहेत, १.८५२ ने गुणा.

आता विमान त्या सर्वांत कमी अंतराच्या रेषेने का जात नाही? कारण ती दिल्लीतून निघून थेट तिबेटवर चढते. केबिनमधला दाब गेला तर विमानाला झटपट १०,००० फुटांच्या, म्हणजे सुमारे ३,०५० मीटरच्या आसपास यावं लागतं. तिबेटचं पठारच सरासरी ४,५०० मीटर उंच! प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो, तेवढ्यात पठार ओलांडून होत नाही.

दुसरं कारण वारा. एअर इंडिया डिसेंबर २०१५ पासून अटलांटिकवरून जात होती, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये बोइंग ७७७-२००एलआर पॅसिफिकवरून नेलं: १५,३०० किमी, म्हणजे १,४०० जास्त, आणि तरी साडेचौदा तासांत, जवळपास दोन तास आधी पोहोचलं. भागाकार करा, ताशी १,०५५ किमी येतात. विमानाचा स्वतःचा वेग ९०० च्या घरात. वरचे दीडशे पाठीमागच्या जेट प्रवाहाचे, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचे.

म्हणून ‘अंतर भागिले वेग’ करून विमानतळावर घ्यायला येणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. वेळापत्रकातली वेळ बघा. तीत धावपट्टीपर्यंतचं रांगणंही धरलेलं असतं.

हां, मार्ग रोज तोच नसतो. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियातल्या मगादानला उतरलं होतं, म्हणजे त्या दिवशीची वाट उत्तरेकडून होती. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, त्याने दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटा आणखी लांबल्या.