जुन्या गाडीचे सगळे पाइप बदलताना सिलिकॉनचेच घ्यावेत का?

तुमची अडचण अशी दिसते: कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला फ्युएल इंजेक्शन बसवताय, रबरी पाइप सगळेच कडक झालेत, आणि विकणारा म्हणतोय की सिलिकॉनचे घ्या, २०० डिग्री सोसतात, पेट्रोल-पाणी-तेल सगळ्याला चालतात. शिवाय पंप टाकीच्या आत बसवणार आहात, तिथेही तोच पाइप चालेल का, असं विचारलंय.

२०० डिग्रीचं ठीक आहे, बाकीचं विसरा. साध्या सिलिकॉनमधून पेट्रोल वाहू देऊ नका. पेट्रोलने ते फुगतं, मऊ पडतं आणि पाइपच्या भिंतीतून वाफ सतत बाहेर झिरपत राहते. थेंब कुठेच दिसत नाही, पण बंद गॅरेजचं दार उघडलं की वास नाकात जातो. पाइप घेताना आधी आतून काय वाहणार ते बघायचं. मग दाब, आणि तापमान त्यानंतर.

पेट्रोलसाठी वर्षानुवर्षं नायट्राइल रबर वापरलं जातं आणि कार्ब्युरेटरला ते पुरेसंही असतं. तिथला दाब जेमतेम ०.२ ते ०.४ बार. इंजेक्शनला मात्र ३ बार किंवा त्याहून जास्त लागतो, म्हणजे निदान सात-आठ पट. पाइपवरचा छापील मजकूर वाचा. एसएई जे३० (इंधनाच्या पाइपचं मानक) आर६ किंवा आर७ लिहिलेला पाइप साधारण साडेतीन बारपर्यंतचा, म्हणजे तुमच्या कामाला अगदी काठावरचा. तुम्हाला आर९ हवा. त्यात आतला थर एफकेएमचा, म्हणजे फ्लोरिन असलेल्या रबराचा असतो (व्हायटॉन हे त्यातलंच एक प्रसिद्ध नाव), तो सुमारे ७ बार झेलतो आणि वाफही फार कमी सोडतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरत असाल तर जुन्या नायट्राइलपेक्षा एफकेएम नक्कीच बरं. काहीच छापलेलं नसेल तर तो पाइप पेट्रोलला लावू नका, विकणारा कितीही शपथा घेवो.

स्टीलची चकचकीत जाळी असलेल्या पाइपबद्दल माझं मत जरा वाईट आहे. जाळीच्या आत बऱ्याचदा साधंच रबर निघतं, आणि त्याला भेगा पडल्या तरी जाळीमुळे दिसत नाहीत. आत टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई असेल तर गोष्ट वेगळी: ते जवळजवळ कशालाच दाद देत नाही. पण त्याला त्याचीच फिटिंग लागतात, नळीवर ढकलून क्लॅम्प आवळणं चालत नाही, आणि तीव्र वळण दिलं की ते मोडून चपटं होतं. इंधनासाठी घेताना आतला थर कार्बन मिसळलेला, वीजवाहक आहे ना हे विचारा. नुसत्या पांढऱ्या टेफ्लॉनमधून पेट्रोल वाहताना स्थिर वीज साठते आणि तिच्या ठिणग्यांनी भिंतीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडू शकतात.

पारदर्शक प्लास्टिकची नळीही नको. पेट्रोल त्यातला मऊपणा शोषून घेतं, मग ती पिवळी, कडक होते आणि तडकते.

खरं तर रबर जितकं कमी तितकं चांगलं. गाडीखालची लांब लाइन स्टीलची किंवा नायलॉनची ठेवा. इंजिन हलतं पण बॉडी हलत नाही, अशा जोडापुरताच रबरी तुकडा.

कूलंटला मात्र ईपीडीएम, हे आणखी एक कृत्रिम रबर. पाणी आणि ग्लायकॉल त्याला मानवतात, पण खनिज तेल अजिबात नाही. इंजिनातून तेल ठिबकून रेडिएटरच्या पाइपवर पडत असेल तर आधी ती गळती थांबवा, नाहीतर नवा पाइपही फुगेल. तुमच्या विक्रेत्याचं सिलिकॉन इथे हौसेने लावा, चांगलं टिकतं. फक्त भोकं असलेल्या पट्टीचा क्लॅम्प नको, तो मऊ सिलिकॉनला कापतो.

ब्रेकच्या नेहमीच्या डॉट ३, डॉट ४ फ्लुइडलाही ईपीडीएमच लागतं. नायट्राइल त्यात फुगतं. पण इथे निवड तुमच्या हातात ठेवूच नका. दोन्ही टोकांना फिटिंग दाबून बसवलेला, एसएई जे१४०१ छाप असलेला तयार पाइपच घ्या. पॉवर स्टीअरिंगच्या दाबाच्या बाजूलाही तयारच, तिथे दाब १०० बारच्या घरात जाऊ शकतो. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलच्या कमी दाबाच्या परतीच्या लाइनला नायट्राइल पुरतं, टर्बोजवळ नाही.

इंजेक्शनच्या पाइपवर कडा बाहेर वळवलेले, बिनभोकांचे क्लॅम्प वापरा, आणि पाइप ज्या धातूच्या नळीवर चढतो तिच्या टोकाला उंचवटा हवाच. गुळगुळीत नळीवरून पाइप दाबाने निसटतो.

आता टाकीतला पंप. तिथे आर९ चालत नाही. त्याचा आतला थर पेट्रोलसाठी असतो, बाहेरचं वेष्टन मात्र उष्णता आणि घर्षण सोसण्यासाठी. पेट्रोलमध्ये बुडून राहिलं की ते फुगून सुटायला लागतं, आणि सुटलेलं रबर फिल्टरमध्ये अडकतं. टाकीच्या आत आर१० छापलेला पाइप घाला, तो बुडून राहण्यासाठीच बनवलेला असतो. एवढासाच तुकडा लागतो, पण मीटरमागे आर९पेक्षा बराच महाग पडतो. तो नाहीच मिळाला तर पंपाच्या मूळ असेंब्लीतला नालीदार नायलॉनचा पाइप वापरा.