आधी एक तांब्या पूर्ण होऊ दे

प्रश्न: आम्ही कॅनडात, टोरांटोजवळ मिसिसागाला राहतो, इथं येऊन नऊ वर्षं झाली. मुलगी अकरावीत आहे. गणित-सायन्सला मार्क चांगले आहेत, पण गेल्या दिवाळीपासून तिनं एकच धरलंय, गेम्स आर्टिस्ट व्हायचं. रात्री बारा-एकपर्यंत चित्रं काढत बसते. हे म्हणतात, कॉम्प्युटर सायन्स कर आणि चित्रं छंद म्हणून काढ. साताऱ्याहून सासूबाई विचारतात, "गेम खेळून पोट भरतं का?" बातम्यांत नोकरकपात, त्यात एआयची भीती. पुढच्या हिवाळ्यात कॉलेजचे अर्ज भरायचे आहेत. तिला हो म्हणू की नाही?
— एक आई

ताई, नमस्कार.

मी नाशिकची. गेली बारा वर्षं मॉन्ट्रियलमध्ये गेम्ससाठी घरं, गल्ल्या, पडके वाडे, जंगलं घडवते. आमच्या कामाला एन्व्हायर्न्मेंट आर्ट म्हणतात. माझ्या आईनंही हाच प्रश्न विचारला होता, आणि तेव्हा तिला नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हो की नाही हे आज ठरवू नका. अर्जाला अजून वेळ आहे, तोवर तिला एक लहानशी वस्तू पूर्ण करू द्या. फक्त एक, पण शेवटपर्यंत.

आधी हे बघा की 'गेम्स आर्टिस्ट' या एका नावाखाली बरीच निरनिराळी कामं येतात. मुलांना बाहेरून दिसतो तो कॉन्सेप्ट आर्टिस्ट, म्हणजे पात्रांची आणि जागांची पहिली चित्रं काढणारा. त्या जागा सगळ्यात कमी आणि त्यासाठीच सगळ्यात मोठी रांग. त्याच्या मागे वस्तू घडवणारे, पात्रं घडवणारे, हालचाल देणारे, प्रकाश लावणारे, स्फोट-धूर-पाऊस करणारे, पडद्यावरची बटणं आणि नकाशे आखणारे असे कितीतरी लोक लागतात. आणि एक असतो टेक्निकल आर्टिस्ट, चित्रकार आणि प्रोग्रामर यांच्यामधला दुवा. तो शेडर, म्हणजे उजेडात पृष्ठभाग कसा दिसेल हे ठरवणारे छोटे प्रोग्राम लिहितो, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत छोटी साधनं बनवतो आणि दृश्य सुंदर दिसूनही गेम अडखळणार नाही हे पाहतो. हाताला चित्रकला आणि डोक्याला गणित, अशी माणसं मिळायला कठीण जातात. तुमच्या मुलीला हे काम माहीत आहे का, तेवढं विचारा. तिच्या बाबांनाही विचारात घ्या, कारण त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

आता ती वस्तू. मी तिला सांगेन, कॉम्प्युटरवर, त्रिमितीत, पितळेचा तांब्या कर. प्रत्येकाच्या पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या कामांच्या संग्रहात, ड्रॅगन आणि तलवारी असतात. तुमच्या घरच्या तांब्यासारखा तांब्या कुणाकडे नसतो.

पहिल्यांदा ओबडधोबड आकार उभा करायचा, गळा किती, पोट किती, काठ किती बाहेर. मग त्याची बारकाव्यांसकट प्रत घडवायची: पोचे, काठाची झीज, भांड्यावर घातलेलं नाव आणि साल. या प्रतीत लाखो पृष्ठं, म्हणजे आकार ज्यांनी बनतो ते छोटे सपाट तुकडे, असू शकतात. गेममध्ये इतकं ओझं सगळीकडे परवडत नाही, म्हणून थोड्या पृष्ठांचा हलका तांब्या वेगळा बनवायचा. तो उलगडून सपाट करायचा, यूव्ही करणं म्हणतात त्याला. शिंपी ब्लाउज बेततो त्याच्या उलट समजा: शिवलेला ब्लाउज उसवून कापड सपाट पसरायचं, शिवण कुठं उसवली तर दिसणार नाही हे ठरवून. मग जड प्रतीतले बारकावे एका चित्रात उतरवून हलक्या तांब्यावर बसवायचे. याला बेकिंग म्हणतात. उजेड पडला की ते कोरलेलं नाव खोल दिसतं, प्रत्यक्षात तिथं पृष्ठभाग सपाट असतो.

खरी परीक्षा त्यानंतर, रंगाची. पितळ कुठं चमकतं? जिथं रोज हात लागतो तिथं. चिंच लावून घासलं तरी काळं कुठं राहतं? नावाच्या अक्षरांत आणि गळ्याखालच्या खाचेत. हे ज्याच्या डोळ्यांनी टिपलं, त्याचा तांब्या खरा दिसतो. सॉफ्टवेअर सगळ्यांकडे तेच असतं. शेवटी तो गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम ज्यात जोडून चालवतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, नेऊन खिडकीच्या उजेडात ठेवायचा, तेव्हा काम संपलं.

यात तीन-चार महिने सहज जातील. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल, यूव्हीच्या वेळी रडूही येईल. त्या कंटाळ्यातून ती पलीकडे गेली तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळेल. नाही गेली, तर चित्रकला तिचा छंद म्हणून राहील, आणि त्यातही वाईट काही नाही.

मी हे कळवळून सांगते, कारण माझा पहिला पोर्टफोलिओ तिसाहून अधिक अर्धवट गोष्टींचा होता. एका स्टुडिओतल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी तो जेमतेम दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, "यातलं पूर्ण झालेलं कोणतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचं वर्ष मी तीनच कामं केली, आणि त्यांवर मला नोकरी लागली.

तुम्ही किंवा तिच्या बाबांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. या धंद्याचा पाया अजूनही तोच आहे. यथार्थदर्शन, छायाप्रकाश, शरीररचना ही तिन्ही कागद-पेन्सिलीनं शिकता येतात आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती शिकवत नाही. टोरांटोची आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओ पंचवीस वर्षांखालच्यांना मोफत आहे. शनिवारी तिला स्केचबुक देऊन तिथं सोडा. तुम्हीही बसा एखादा तास, ती काय बघते ते बघा.

खर्चाचं म्हणाल तर आत्ता फार लागत नाही. ब्लेंडर हे त्रिमितीचं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे आणि त्यावर व्यावसायिक कामं होतात. चित्रांसाठी क्रिता मोफत, अनरियल इंजिन शिकायला मोफत, ऑटोडेस्कचं माया हे त्रिमितीचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळतं. चित्र काढायला बिनपडद्याचा साधा पेन टॅबलेट पुरतो. पैसे खर्च करायचेच असतील तर बऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या कॉम्प्युटरवर करा. आयपॅडचा हट्ट असेल तर थांबा, तो चित्रांना छान, पण हे सगळं त्यावर होत नाही. आणि रात्री बारा-एक नको. एका कामाच्या शेवटी मला मनगटाला पट्टा बांधून बसावं लागलं होतं. हात हेच आमचं भांडवल आहे.

कॉलेजबद्दल. शेरिडन कॉलेज तुमच्या शेजारी ओकव्हिललाच आहे. तिथलं अ‍ॅनिमेशन जगभर नावाजलेलं, आणि गेम डिझाइनचीही चार वर्षांची पदवी आहे. अ‍ॅनिमेशनच्या प्रवेशाला पोर्टफोलिओ लागतो, म्हणून बारावीच्या सुट्टीत धावपळ करण्यापेक्षा आत्तापासून सुरुवात बरी. तुम्ही पीआर (कायमचे रहिवासी) किंवा नागरिक असाल तर ओसॅपसाठी, म्हणजे ओंटारिओ सरकारच्या विद्यार्थी अर्थसाहाय्यासाठी, अर्ज करता येतो. घरातून जाऊन-येऊन शिकता आलं तर कर्ज बरंच कमी होईल. खाजगी संस्थांचे महागडे एक-दोन वर्षांचे कोर्स मात्र पारखून घ्या. जाहिरात बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांचं काम मागा. त्यांनी दाखवलं नाही तर फी भरू नका. टोरांटोत टोजॅम नावाचा मेळावा भरतो, तीन दिवसांत मंडळी मिळून गेम बनवतात. तिथं तिला कळेल की हे एकट्यानं करायचं काम नाही.

आता नोकरकपातीचं. ती खरी आहे, तिच्यावर पांघरूण घालणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं गेम विभागातून १,९०० लोक कमी केले, फेब्रुवारीत सोनीनं ९०० कमी करून लंडनचा स्टुडिओच बंद केला. माझ्या ओळखीतली उत्तम कामाची माणसं घरी बसली. दुसरीकडे हेही खरं की हे काम एका गावाला बांधलेलं नाही. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ मॉन्ट्रियलमध्ये १९९७ पासून, पुण्यात २००८ पासून, तुमच्या टोरांटोत २०१० पासून. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम आपल्याकडच्या वास्तूंच्या आणि लघुचित्रांच्या आधारावर उभा केला. शिवाय त्रिमितीत वस्तू घडवता येणाऱ्याला सिनेमाचे व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं), वास्तुविशारदांची दृश्यं, उत्पादनांची डिझाइन असे इतर दरवाजेही असतात. तरी सुरुवातीची दोन-तीन वर्षं अस्थिर जातील असं धरून चाला, आणि तोवर तिला आपल्याच घरी राहता येईल हे तिला आधीच सांगा. त्या एका वाक्यानं मुलं किती मोकळी होतात, हे मी पाहिलंय.

एआयबद्दल माझं मत असं: सुरुवातीची कल्पनाचित्रं झटपट काढण्याच्या कामावर त्याचा घाला पडतोय. म्हणूनच फक्त कॉन्सेप्ट आर्टवर भिस्त ठेवू नये म्हणते. तिच्या पोर्टफोलिओत मात्र एआयचं एकही चित्र नसावं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम विकायचा तर २०२४ पासून एआय वापरलाय का हे जाहीर करावं लागतं, आणि नवख्या मुलीच्या कामावर कुणाला शंका आली की तिचा अर्ज बाजूला पडतो.

सासूबाईंना वाद घालून पटवू नका. त्यांच्याकडे जुना, नाव घातलेला तांब्या असेलच. नातीला म्हणावं, आजीला व्हिडिओ कॉल कर आणि तांब्याचे फोटो माग: खिडकीपाशी धरून चारही बाजूंनी, बुडाचा एक, नावाचा अगदी जवळून. काही चिंच लावण्याआधीचे, काही नंतरचे. पोचा कधी पडला तेही विचारायला सांगा.