वाचकांचे प्रश्न : जनरल चौधरी, नळदुर्गचा पूल आणि जहागिरी

मागच्या अंकात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनावर लिहिताना, १९४८ च्या 'पोलीस ॲक्शन'मध्ये, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या लष्करी मोहिमेत, सोलापूरहून फौज घेऊन गेलेल्या जनरल जयंतनाथ चौधरींचं नाव मी एका ओळीत उरकलं. वाचकांना ते पटलेलं दिसत नाही, कारण या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं त्यांच्याबद्दलच आहेत. म्हणून यंदाची जागा त्यांनाच. मी फौजेतला माणूस नाही, उमरग्याकडच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो, हे ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : जनरल चौधरी खानदेशातले का? आमच्याकडं चौधरी पुष्कळ आहेत. (एक वाचक, भोकरदन)

नाही हो, बंगाली. जन्म १० जून १९०८. आईचे वडील व्योमेशचंद्र बॅनर्जी, म्हणजे काँग्रेसचे पहिले अध्यक्ष. सिनेमातल्या देविकाराणी त्यांच्या चुलत बहीण. शिक्षण लंडनच्या हायगेट शाळेत आणि मग सँडहर्स्टला. १९२८ साली अधिकारी झाले आणि घोडदळात गेले. दुसऱ्या महायुद्धात आधी सुदान-एरिट्रियाच्या आघाडीवर होते, पुढं ब्रह्मदेशात सोळाव्या लाइट कॅव्हलरीचं नेतृत्व केलं. मिशा भरघोस, म्हणून मित्रमंडळीत नाव पडलं 'मुच्छू'.

प्रश्न : निजामाची एवढी फौज आणि वर रझाकारांची सशस्त्र संघटना. तरी पोलीस ॲक्शन पाच दिवसांत कशी आटोपली? (निवृत्त तलाठी, तुळजापूर)

तुम्ही तुळजापूरचे, तेव्हा नळदुर्गपासूनच सुरू करतो. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे चौधरींची पहिली चिलखती डिव्हिजन सोलापूरहून निघाली. सोलापूर ते हैदराबाद अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आणि मोठा रस्ता एकच. त्या रस्त्यावर नळदुर्गच्या किल्ल्याखाली बोरी नदीचा पूल. दिवस भाद्रपदाचे. आपली काळी माती ओली झाली की बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं, तिथं रणगाड्याची काय कथा! पूल उडवला असता तर सगळी मोहीम बोरीच्या काठावर खोळंबली असती. भारतीय फौजेनं तो साबूत ताब्यात घेतला. समोर हैदराबादची पहिली इन्फन्ट्री होती, तिला दुसऱ्या शीख पलटणीनं हटवलं. रणगाडे उमरग्याकडं सुटले आणि उमरगा त्याच दिवशी पडलं.

तुमच्या तुळजापुरात मात्र दोनेक तास झुंज झाली. निजामाचे शिपाई होते, बरोबर दोनशेच्या आसपास रझाकार. लोहाऱ्याकडं निघालेली तुकडी नदीला पाणी आल्यामुळं अडली. पावसाचा अंदाज किती महत्त्वाचा होता ते यावरून कळतं.

शाळेच्या पुस्तकात बहुतेक सोलापूरची एकच वाट असते. खरं तर पूर्वेकडून, विजयवाड्याच्या बाजूनं, मेजर जनरल रुद्र यांची फौज चालून आली होती आणि औरंगाबादेवर मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्या होत्या. जालन्यातही लढाई झाली. या सगळ्यांच्या वर होते दक्षिण कमांडचे लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी. निजामाकडं शिपाई होते, पण चिलखती फौजेला थोपवील असं हत्यार नव्हतं आणि विमानदळ तर नव्हतंच. रझाकार गावातल्या निःशस्त्र माणसांपुढं शूर, रणगाड्यापुढं काय करणार? १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. १८ ला त्याचे सेनापती एल एद्रूस हैदराबादच्या वेशीबाहेर चौधरींना शरण आले.

प्रश्न : लढाईनंतर चौधरी परत गेले का? (शिक्षिका, परळी)

बाई, मला खरं बोलायचंय ते इथंच. आपण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो आणि तिथंच थांबतो. चौधरी मात्र हैदराबादेतच राहिले, लष्करी गव्हर्नर म्हणून, १९४९ च्या अखेरीपर्यंत. मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात त्यांचे रणगाडे पाच दिवस होते. त्यांच्या सहीचा परिणाम अजून सातबाऱ्यावर आहे.

संस्थानातली ढोबळमानानं साठ टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरकारी वसुलीची. दहा टक्क्यांच्या आसपास सर्फेखास, म्हणजे निजामाची खासगी. उरलेली जहागिरदारांची. जहागिरीत वसूल जहागिरदाराचा, कारभार त्याच्या माणसांचा, आणि कित्येक ठिकाणी पोलीस-कचेरीही त्याचीच. कुळानं दाद मागायची तर ती ज्याच्याविरुद्ध मागायची त्याच्याकडंच. आधी सर्फेखास सरकारात विलीन झाली. मग १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द करण्याचा कायदा निघाला. कायद्यावर साल आहे १३५८ फसली, म्हणजे निजामी राज्यातलं महसुली साल. गव्हर्नर बंगाली, शिकलेला सँडहर्स्टला, आणि हुकूम काढतोय फसली सालात!

आणखी एक गंमत बघा. चौधरींना कायदे करायचा अधिकार मिळाला तो निजामाच्याच फर्मानानं. म्हणजे निजामाच्या नावानंच निजामाच्या जहागिरदारांचं बस्तान उठलं. निजाम स्वतः मात्र पुढं राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला.

हे काम निवडून आलेल्या सरकारला इतक्या झटपट जमलं असतं असं मला वाटत नाही. जहागिरदारांचे वकील, सोयरे, पुढारी यांनी दहा वर्षं घोळ घातला असता. पण लष्करी राजवटीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तेलंगणात शेतकऱ्यांना बरोबर घेऊन लढणाऱ्या कम्युनिस्टांवर याच राजवटीनं सक्त कारवाई केली. जहागिरी मोडणारा आणि जहागिरीविरुद्ध लढणाऱ्यांना तुरुंगात घालणारा हात एकच होता.

प्रश्न : ॲक्शननंतर मुसलमानांवर अत्याचार झाले म्हणतात. हे खरं, की मुद्दाम पसरवलेलं? (नाव छापू नये ही विनंती, जि. धाराशिव)

खरं आहे. रझाकारांनी केलेले जुलूम, जाळपोळ, लूट जेवढी खरी तेवढंच हेही खरं. पंडित नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या शेवटी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली. तिनं सर्वांत वाईट म्हणून चार जिल्हे नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. त्यातले दोन आपले. मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. काही ठिकाणी शिपाई आणि पोलीसही सामील होते, असं अहवालात आहे. तो कित्येक दशकं दाबून ठेवला होता, २०१३ च्या सुमारास लोकांना वाचायला मिळाला.

त्याच समितीनं चौधरींच्या मनात जातीय आकस नाही, ते कडक शिस्तीचे आहेत, असंही लिहून ठेवलंय. मी दोन्ही वाक्यं मुलांना एकाच तासाला सांगत असे. सेनापतीचं मन स्वच्छ होतं याचा उस्मानाबाद जिल्ह्यातल्या विधवेला उपयोग काय, असं एका मुलीनं मला विचारलं होतं. तिला मी म्हणालो, काहीच नाही. आजही मी तेच म्हणेन. पाच दिवसांत एवढा मुलूख घ्यायचा बेत बारकाईनं आखला होता. सहाव्या दिवशी गावोगाव कोण राखण करणार, याचा बेत तेवढा बारीक नव्हता.

आमच्या गावात माझी आजी या काळाला 'रझाकारात' म्हणायची आणि त्यानंतरच्या महिन्यांचा विषय निघाला की चुलीकडं वळायची. तिला मी कधी खोदून विचारलं नाही.

प्रश्न : १९६५ च्या युद्धात ते घाबरले होते असं वाचलं. (माजी सैनिक, उदगीर)

सुभेदारसाहेब, 'घाबरले' हा शब्द मी वापरणार नाही. आधी थोडं मागचं सांगतो. १९६१ साली गोव्याच्या कारवाईवेळी ते दक्षिण कमांडचे प्रमुख होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनपुढं हार झाल्यावर लष्करप्रमुख थापर पायउतार झाले आणि त्यांच्या जागी चौधरी आले. त्याच दिवसांत यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. मोडलेली फौज उभी करायचं काम या दोघांच्या वाट्याला आलं आणि ते त्यांनी केलं.

आता तुमचा मुद्दा. पंजाबात खेमकरणकडं पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा चौधरींनी ब्यास नदीच्या मागं हटण्याचा सल्ला दिला आणि आपण तो मानला नाही, असं पश्चिम कमांडचे हरबक्षसिंग यांनीच लिहून ठेवलंय. पुढं तिथंच असल उत्तरला पाकिस्तानी रणगाड्यांचा कसा धुव्वा उडाला ते तुम्हाला मी सांगायला नको. युद्धबंदीच्या वेळी दारूगोळा संपत आल्याचं चौधरींनी शास्त्रीजींना सांगितलं आणि मागाहून हिशेब केला तर थोडाच वापरला गेला होता, हेही अनेकांनी लिहिलंय. माझं मत विचाराल तर माणूस बेत आखण्यात पटाईत, पण बेत फिसकटला की सावधपणा अंमळ जास्त.

याच युद्धात पाकिस्तानातल्या फिलोरा-चविंडाच्या बाजूला पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. ते फौजी झाले ते निजामाच्या सैन्यात, हैदराबाद लान्सर्समध्ये होते. १९४८ ला जी फौज चौधरींपुढं शरण आली तिच्यातलाच अधिकारी चौधरी लष्करप्रमुख असताना देशासाठी गेला. हा धागा आपल्याकडं कुणी सांगत नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर काय केलं? (अंबाजोगाई)

जून १९६६ ला निवृत्त, मग १९६९ पर्यंत कॅनडात उच्चायुक्त. पद्मविभूषण मिळालं. ६ एप्रिल १९८३ ला गेले.

प्रश्न : मी नववीत आहे. मराठवाड्यातल्या मुलीला जनरल होता येईल का? (विद्यार्थिनी, परतूर)

बाळ, चौधरींना सँडहर्स्ट गाठावं लागलं, तुला पुण्याजवळचं खडकवासला पुरे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. बारावीला असताना परीक्षा देता येते. गणित तीनशे गुणांचं, सामान्य क्षमतेचा पेपर सहाशेचा, आणि नंतरची मुलाखत नऊशेची. ती पाच दिवस चालते. छत्रपती संभाजीनगरला शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, पण ती मुलांची. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला झाली आहे. तिथली प्रवेशपरीक्षा दहावीच्या वर्षात असते, तेव्हा जाहिरात कधी निघते ते सरांना विचारून ठेव. आणि इंग्रजी बोलायची भीती असेल तर ती आत्ताच घालव, मुलाखतीला गणिताइतकीच ती आडवी येते.