दिव्याखाली मोजू नकोस

टिळकवाडी, बेळगाव
पौष महिना, रात्रीचे साडेनऊ

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझी आई बाजाराला आली होती, तेव्हा तू पाठवलेले क्रॉस स्टिचचे, म्हणजे फुलीच्या भरतकामाचे, कापड आणि चिठ्ठी मिळाली. कापड मी दोनदा पाहिले. रात्री स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली पाहिले तेव्हा तुझे तुळशीवृंदावन मला बरेच नीट वाटले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तेच परसदारी उन्हात नेले, तेव्हा डावा खांब एका घराने, म्हणजे कापडाच्या एका चौकटीने, सरकलेला दिसला आणि पानांमधल्या दोन हिरव्या रंगांची जागोजाग अदलाबदल झालेली दिसली. थंडीने बोटे वळत नाहीत, मोजणी चुकते आणि बहिणीचे लग्न तर फाल्गुनात आहे, तेव्हा भिंगाचा दिवा विकत घ्यावा की हा नाद सोडून रुखवतासाठी तयार फ्रेम आणावी, असे तू विचारले आहेस. आणि चिठ्ठीच्या अगदी शेवटी, सहज आठवले म्हणून लिहावे तसे, रोज रात्री दहा ते एक वाकळ अंगावर ओढून बसतो, असे लिहिले आहेस.

माझे उत्तर त्या शेवटच्या ओळीला आहे. क्रॉस स्टिचची मोजणी दिव्याखाली करायची नाही.

तू उद्यमबागेतल्या कारखान्यात व्हर्नियर मापपट्टीने मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजणारा मुलगा आहेस. तुमच्याकडे अचूक मोजमापाची खोली 20 अंशांवर ठेवतात, कारण थंडी-उष्णतेने लोखंडसुद्धा आकसते आणि फुगते, हे मागच्या वर्षी तूच मला मोठ्या कौतुकाने समजावून सांगितले होतेस. मग लोखंडाला जी खोली देता ती स्वतःच्या बोटांना का देत नाहीस? जांबोटीच्या रानाकडून वारा येतो, वर मंगळुरी कौले, खाली शहाबादी फरशी, बाहेर पारा 10 अंशांकडे उतरलेला, आणि त्यात एका इंचात 14 घरे असलेल्या मॅटीच्या जाळीदार कापडावर तू सुई घालणार. थंडीत बोटांकडचे रक्त कमी होते आणि सुईचे टोक भोकात गेले की कडेच्या धाग्यात घुसले, हे बोटाला कळत नाही. ते कळत नाही म्हणून माणूस दोरा जोराने ओढतो आणि कापड चुण्या धरते. तुझ्या कापडाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात मला त्या चुण्या हाताला लागल्या. तो कोपरा तू सर्वांत कडाक्याच्या रात्री भरला असणार, हे मी पैजेवर सांगते.

आपली थंडी ती काय, असे बाहेरगावचे लोक म्हणतात. त्यांच्याकडे घरे तापवायची सोय असते. आपल्याकडे पौषात सकाळी खोबरेलाची बाटली दगडासारखी गोठते आणि ती उन्हात ठेवून मग माणसे आंघोळीला जातात. त्या बाटलीला जे कळते ते तुला कळत नाही, याचा मला राग येतो. रागावू नकोस. तुझ्या वयात मलाही कळले नव्हते, आणि त्याची किंमत माझ्या धाकट्या बहिणीच्या रुखवताने मोजली.

ते 1981 साल होते आणि मी 22 वर्षांची होते. तिचे लग्न माघात ठरले, आणि रुखवतात मांडायला मोराची मोठी फ्रेम मी करून देईन, असे चार माणसांत बोलून बसले. दिवसा शाळेची नोकरी, मग रात्र तेवढी उरली. अंगावर वाकळ, पायाशी निखाऱ्यांची शेगडी आणि डोक्यावर 40 वॉटचा बल्ब, तोही वीज कमी आली की केशरी पडणारा. मोराच्या मानेला गडद निळा दोरा होता आणि कडेला काळा. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात निळा भाग फार थोडा असतो, त्यामुळे गडद निळा आणि काळा शेजारी ठेवले तरी एकच दिसतात. हे मी विज्ञान म्हणून कितीतरी उशिरा वाचले, त्या रात्री मात्र मला ते दोन दोरे खरोखर एकच वाटले. लग्नाच्या सकाळी मांडवात ऊन आले आणि मोराची अर्धी मान निळी, अर्धी काळी झाली. वरपक्षाच्या एका मावशी वाकून बघत म्हणाल्या, "दृष्ट लागू नये म्हणून काळे लावलेय काय हो?" सगळे हसले, बहीणही हसली. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि जेवणावळ उठेपर्यंत बाहेर आले नाही.

त्या दिवसापासून दिव्याखाली मोजणे बंद.

खरे तर हे मला लहानपणीच कळायला हवे होते, कारण आमच्या शेजारी धारवाडकडून सून होऊन आलेल्या अक्का होत्या आणि त्यांच्याकडूनच मी सुई धरायला शिकले. त्या काळ्या साडीवर कसुती, म्हणजे तिकडचे पारंपरिक भरतकाम, करत. कसुतीला छापील रेषा नाही, गाठ नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत जायचे एवढेच. तिच्या गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी या चार टाक्यांपैकी मेंथी म्हणजे आपली फुली. मेंथी म्हणजे मेथीच. अक्का उंबऱ्यावर बसत, मांडीवर साडीखाली पांढरे फडके पसरत, म्हणजे काळ्या कापडातली भोके उजळ दिसतात, आणि ओठांतल्या ओठांत ओंदू, एरडू, मूरू मोजत. उंबऱ्यावरचे ऊन सरकले की सुई कापडात खोचून उठत. एकदा गोपुराचा कळस पुरा व्हायला तीन टाके उरले होते. मी म्हटले, तीनच तर राहिलेत. त्यांनी सुई खोचली आणि त्या तांदूळ निवडायला गेल्या. मी अजूनही घराचा हिशेब मराठीत करते आणि धागे कन्नडमध्ये मोजते. आपल्या भागात कुणाला त्याचे वाईट वाटत असेल तर वाटो, माझी मोजणी त्याच भाषेत बरोबर येते.

आता तू म्हणशील, बाई, तो बल्बचा काळ गेला, आता पांढरा एलईडी मिळतो, खोक्यावर 6500 केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप आणि 'डेलाइट' असे छापलेले असते. मान्य आहे. निळा आणि काळा तो वेगळे दाखवेलही. पण एकाच प्रकाशात जुळणाऱ्या दोन हिरव्या छटा दुसऱ्या प्रकाशात फारकत घेतात, आणि रुखवत मांडवात मांडतात, तुझ्या दिव्याखाली नाही. शिवाय आठ तास यंत्रापुढे उभे राहून, बसने घरी येऊन, जेवून बसलेल्या माणसाचे डोळे खोक्यावर छापून येत नाहीत. खांब सरकला तो रंग चुकल्यामुळे नव्हे. तू 23 मोजायच्या जागी 24 मोजलेस आणि तुला झोप आली होती.

तुझा नमुना 100 घरे रुंद आणि 140 घरे उंच, म्हणजे 14 च्या मॅटीवर सुमारे 7 इंच बाय 10 इंच. त्यातली निम्मी घरे भरायची धरली तर 7,000 फुल्या. माझा हात तासाला शंभरेक फुल्यांचा आहे, तुझाही तेवढाच धरू. म्हणजे 70 तास. तुला दिवसाउजेडी मिळतो तो फक्त रविवार. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो खरा, पण ऊन अंगणात येऊन बोटे सैल व्हायला साडेनऊ होतात आणि चारनंतर उजेड पिवळा पडू लागतो. जेवण, पाहुणे, बाजार वजा जाता चार तास हाती लागतील. एकूण 17-18 रविवार, त्यातले सहा तू रात्री-रात्रीत संपवले आहेस असे समजू, जरी त्यातले दोन उसवण्यात जाणार आहेत. फाल्गुनापर्यंत ते बसत नाही. म्हणून बाहेरची वेलबुट्टीची चौकट सोडून दे. नुसते वृंदावन आणि पुढे पणती एवढे कर, ते बसते. आणि नाही बसले, तर लग्नानंतर दे.

हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला, हे तुझ्यापासून लपवत नाही. माझ्या त्याच बहिणीच्या मुलीच्या लग्नात मी हेच केले. रात्री बसणार नाही म्हणून सांगितले, रविवारी-रविवारी केले, आणि फ्रेम लग्नानंतर पाच महिन्यांनी पोचली. बहीण फोनवर म्हणाली, "माझ्या वेळी रात्री बसलीस आणि बिघडवलेस, हिच्या वेळी बसली नाहीस आणि चुकवलेस." मी तिला समजावले की उशिरा गेलेली फ्रेम भिंतीवर तीस वर्षे राहते आणि रुखवत एका दुपारी उचलले जाते. मी बरोबर होते. भाचीने ती फ्रेम दिवाणखान्यात लावली आहे, एकही फुली उलटी नाही, सगळ्या वरच्या तिरप्या एकाच दिशेला पडलेल्या आहेत. बहिणीने त्या फ्रेमचा पुन्हा कधी विषय काढलेला नाही, मीही काढलेला नाही. पण मी बरोबर होते.

आणखी एक कबूल करायला हवे, नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाकडून तुला कळेल. गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर मी एक डोळा झाकून दुसऱ्याने पाहिले, तर उजव्या डोळ्याला भिंत पांढरी दिसत होती आणि डाव्याला चहा सांडल्यासारखी. म्हणजे मागची कितीतरी वर्षे भर उन्हात बसूनही मी पिवळ्या काचेतून रंग निवडत होते. मग ऊन ऊन म्हणून एवढा हट्ट कशासाठी, असे तू विचारू शकतोस. माझे म्हणणे असे, की ज्या डोळ्यांना उन्हातही फसायला होते त्यांना दिव्याखाली बसवणे तर अधिकच चूक. तुझे डोळे अजून स्वच्छ आहेत. ते रात्री एक वाजता वापरू नकोस.

रात्री हात शिवशिवतातच, तर मोजणी नसलेली कामे कर. मॅटीच्या कडा तुरपून घे, तुझ्या कापडाचे धागे दोन्ही बाजूंनी सुटू लागले आहेत. दोऱ्याच्या सहा पदरांतले दोन-दोन सोडवून कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचे तुकडे करून ठेव. पण ते एका रात्री एकाच रंगाचे, आणि लडीवरचा नंबराचा कागदी पट्टा न टाकता. पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात ते अडकव आणि भोकाशेजारी नंबर लिही. झोपताना हातांना खोबरेल लाव, कारण फुटलेल्या कातडीत दोरा अडकून त्याचे तंतू उठतात, आणि सकाळी डाळीच्या पिठाने हात धुतल्याशिवाय कापडाला शिवू नकोस. शेगडी जवळ घेऊ नकोस. धुराचा पिवळेपणा मॅटीवरून पुरता जात नाही. गरम चहाचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून बस, चहा संपव, पेला दूर ठेव, आणि मग सुई घे.

खांब उसवावाच लागेल. पानातले एखादे घर सरकले तर वेल समजून सोडून देता येते, खांब वाकडा चालत नाही. उलट्या बाजूने लहान कात्रीने एकेक टाका कापायचा, ओढायचा नाही, आणि निघालेला दोरा पुन्हा वापरायचा नाही. तेही दिवसाच. उसवतानाही मोजावेच लागते.

कापड माझ्याकडेच ठेवले आहे, म्हणजे तू मधल्या रात्री काही करणार नाहीस. रविवारी साडेनऊला ये, तुळशीकट्ट्याजवळ पाठीवर ऊन घेऊन बसू. येताना काळ्या दोऱ्याची एक लडी आण. माझ्या डब्यात दोन लड्या आहेत, पण पट्टे केव्हाच निघून गेले आहेत. एक काळी आहे आणि एक गडद निळी, आता रात्री कोणती कुठली ते मला सांगता येत नाही.

तुझ्या बाई