फुकटात राबायला परदेशात कशाला?

गेली काही वर्षं नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी वेगवेगळ्या घरांतून येते. मुलगा किंवा मुलगी शिकलेली, नोकरीला लागलेली, आणि एक दिवस जेवताना जाहीर करते की मी काही महिने परदेशात एखाद्या फार्मवर राहायला जाणार. पगार नाही. दिवसाला चार-पाच तास काम, त्याबदल्यात राहणं-खाणं. 1971 मध्ये इंग्लंडमध्ये 'वूफ' नावाने सेंद्रिय शेतांवर हा प्रकार सुरू झाला. आता वसतिगृहांपासून घोड्यांच्या फार्मपर्यंत सगळीकडे चालतो. आईवडिलांचे प्रश्न ठरलेले. ही पळून चाललीय का? आणि तिकडे काही बरंवाईट झालं तर?

सायली (नाव बदललं आहे) निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. पुण्यातली आयटीची नोकरी सोडून घरी आलेली, आणि न्यूझीलंडमधल्या एका घोड्यांच्या फार्मशी तिचं बोलणं चालू होतं. वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"मॅडम, माझ्या बागेत छाटणीला पेठ-सुरगाण्याची माणसं येतात, त्यांना मी रोख मजुरी देतो. आणि माझी इंजिनिअर पोरगी तिकडे जाऊन घोड्याची लीद काढणार, ती पण फुकट?"

"घरात स्वतःच्या अंथरुणाची घडी घालत नाही," आई म्हणाली.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांच्या मुशीतली. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल माणूस मनाशी काय घोकतो, तिकडे माझे कान असतात. या घरात भीती आणि लाज यांचा एकच पीळ झाला होता. वडील बोलायचे लाजेबद्दल. भीती तशीच आत राहायची.

आधी सायलीला एकटीला विचारलं, "तिथे घोडे नसते तर गेली असतीस?"

बराच वेळ गेला. "कुठेही गेले असते."

हे प्रामाणिक उत्तर मला आवडलं. नकोशा नोकरीपासून लांब जावंसं वाटण्यात गैर काही नाही. पण घोड्याला पहाटे चारा-पाणी लागतं, तुमचं मन लागो न लागो. म्हणून तिला म्हटलं, आधी नाशिकजवळच्याच एखाद्या तबेल्यावर महिनाभर राब. स्वारी नको, फक्त काम. पहिल्याच आठवड्यात तिचा निम्मा उत्साह ओसरला. एक मोठा घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो, हे वाचणं वेगळं आणि फावड्याने उचलणं वेगळं. पुढे मात्र तिच्या बोलण्यात फरक पडला. घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायचं. खुरातली घाण टाचेकडून पुढच्या टोकाकडे काढायची. एरवी नोकरीबद्दल तासभर कुरकुरणारी मुलगी मला हे हाताने करून दाखवत होती. पळणारं माणूस इतकं बारकाईने सांगत नाही, असा माझा अनुभव.

मग वडिलांकडे वळले. "भाऊसाहेब, छाटणीला टोळी आणता तेव्हा मुकादमाशी काय काय ठरवता?"

पहिल्यांदाच ते खुर्चीत मागे रेलून बसले. राहायची खोली, पाणी, कामाचे तास, बायामाणसांची वेगळी सोय, कोणी आजारी पडलं तर दवाखान्यात नेणार कोण, उचल किती, जायचं भाडं कोणाकडे. सायली मोबाइलमध्ये उतरवून घेत होती. बोलता बोलता ते थांबले.

"उचल घेतलेला माणूस मधेच निघू शकत नाही, मॅडम. परतीचं भाडंच नसतं त्याच्याकडे." जरा वेळाने म्हणाले, "मला त्याचीच भीती वाटू राहिली."

माझ्या कामात मी ज्या क्षणाची वाट बघते, तो हा. 'पोरगी मजूर होणार' ही लाज नव्हतीच. शेताचा मालक असल्यामुळे अडकलेल्या मजुराची अवस्था त्यांना आतून ठाऊक होती. जे प्रश्न विचारायला घरात कोणी नाही असं आईला वाटत होतं, ते विचारणारा जाणकार घरातच बसला होता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी फार्मच्या मालकिणीला व्हिडिओ कॉलवर हेच सगळं मराठीतून विचारलं, सायलीने भाषांतर केलं. उत्तरं नीट मिळाली. अडलं व्हिसावर. "टुरिस्ट म्हणून या, सगळे तसेच येतात," मालकीण म्हणाली. न्यूझीलंडमध्ये कामाच्या बदल्यात मिळणारं राहणं-खाणं हाही मोबदलाच धरतात, त्यामुळे त्याला कामाची परवानगी लागते. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलात तर फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत, तेही कमाल 30 दिवस सेवा करता येते. खोटं सांगून गेलेला माणूस अडचणीत तक्रारही करू शकत नाही. वडील "नाही" म्हणाले, आणि सायलीनेही वाद घातला नाही.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी आता थेट सांगते. जाऊ द्यायचं की नाही हे शेवटी ठरवा, आधी फार्मवाल्याशी बोला. पूर्वी तिथे राहून गेलेल्या एखाद्या मुलीशी बोला. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. विम्यात घोडेस्वारीचे अपघात वगळलेत का, ते वाचा. बरेचदा वगळलेले असतात. धनुर्वाताची लस निघण्याआधी. आणि 'लोकांना काय सांगायचं' हा विषय या यादीत मिसळू नका, तो वेगळ्या दिवशी काढा. आईचा तोच विषय अजून चालू आहे: स्थळ आलं तर काय सांगू? खरं सांगा, असं मी म्हणते. त्यांना ते अजून पटलेलं नाही.

ऑस्ट्रेलियाने 2024 पासून 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा खुला केला आहे. वर्षाला 1000 जागा, नावं सोडतीने निघतात. सायलीने नाव घातलं आहे, नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर ती नाशिकमध्येच नोकरी करते आणि रविवारी तबेल्यावर जाते. परतीच्या तिकिटाचे पैसे मात्र भाऊसाहेबांनी आत्ताच तिच्या एकटीच्या नावावर टाकले आहेत.